एकतिसाव्या वर्षीचे मुरूम : एका नोकरदार स्त्रीच्या उपचारांचे प्रकरण

हे प्रकरण एकतीस वर्षांच्या एका विवाहित स्त्रीचे आहे. त्या डोंबिवलीला राहतात, लोअर परळच्या एका खासगी कार्यालयात हिशेब विभागात काम करतात आणि जून महिन्यात, पावसाला नुकती सुरुवात झाली असताना, माझ्या दादरच्या दवाखान्यात प्रथम आल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. यात वापरलेले एकही औषध नवे किंवा दुर्मीळ नाही. मात्र कोणते औषध केव्हा द्यायचे आणि कोणते मुळीच द्यायचे नाही, हे मुरमांच्या स्वरूपापेक्षा त्यांनी चेहऱ्याला आजवर काय लावले, पाळी कशी येते आणि मूल केव्हा हवे आहे, या प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरत गेले. प्रौढ स्त्रियांच्या मुरमांवर उपचार करताना हे प्रश्न बहुधा शेवटी विचारले जातात, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

पूर्ववृत्त

कॉलेजात असताना त्यांना कपाळावर बारीक मुरूम येत असत आणि विशीनंतर ते आपोआप गेले. एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा मुरूम येऊ लागले, परंतु या वेळी जागा बदललेली होती. हनुवटी, जबड्याची कड आणि कानाखालून मानेकडे उतरणारा पट्टा इथे खोल, ठसठसणाऱ्या गाठी येत, पाळीच्या आठवडाभर आधी त्या वाढत आणि बसताना मागे काळपट डाग ठेवून जात. पहिल्या भेटीत त्यांची मुख्य तक्रार मात्र वेगळीच होती. गेले आठ महिने दोन्ही गाल लाल राहत होते, उन्हात गेल्यावर किंवा गॅससमोर पोळ्या करताना त्यांची आग होत होती आणि साध्या पाण्यानेही चेहरा चुरचुरत होता.

चेहऱ्याला काय काय लावता, या प्रश्नाला "विशेष काही नाही, मॅडम, फेसवॉश आणि एक क्रीम" असे उत्तर आले. या उत्तरावर मी सहसा थांबत नाही. घरात, पर्समध्ये आणि ऑफिसच्या खणात असलेली प्रत्येक ट्यूब आणि बाटली घेऊन पुढच्या आठवड्यात या, असे मी सांगितले आणि त्यांनी चेन लावलेली एक फुगलेली पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. सॅलिसिलिक अॅसिडचा फेसवॉश, व्हिटॅमिन सी आणि नियासिनामाइड यांची दोन सीरम, क्लिंडामायसिनचे अर्धवट वापरलेले जेल, मुलतानी माती, पार्लरने दिलेली 'डी-टॅन' क्रीमची डबी असे बरेच काही त्यात निघाले. त्याखाली अॅल्युमिनियमची एक छोटी ट्यूब होती. शेपटाकडून इतकी घट्ट गुंडाळत आणलेली की औषधाचे नाव घडीत गेले होते. घडी उलगडल्यावर कडेची लाल रेघ आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना दिसली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टिरॉइड यांचे ते मिश्रण होते.

डाग जावेत म्हणून मैत्रिणीने ते सुचवले होते आणि औषधाच्या दुकानात नुसते नाव सांगताच ते मिळाले होते. "पहिल्या महिन्यात चेहरा इतका छान झाला होता, की ऑफिसात सगळ्या विचारत होत्या," असे त्यांनी सांगितले, आणि त्यात अतिशयोक्ती नसावी. स्टिरॉइडमुळे रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, लाली जाते, आणि सोबतच्या हायड्रोक्विनोनमुळे डाग फिके होतात. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या कायमच्या रुंदावतात, रोमकूपांना सूज येऊन नवे मुरूम उठतात आणि क्रीम दोन-चार दिवस बंद केले की चेहरा पेटल्यासारखा होतो. रुग्णाला वाटते की क्रीम थांबवल्यामुळेच त्रास झाला, म्हणून ते पुन्हा सुरू होते. या बाईंनी तीन वेळा ते बंद करून पाहिले होते आणि तिन्ही वेळा पुन्हा सुरू केले होते. त्वचेवर लावायच्या अनेक स्टिरॉइडांना २०१८ मध्ये भारतात स्पष्टपणे 'शेड्यूल एच'खाली, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत आणले गेले. तरी काउंटरवर मात्र ती आजही सहज हाती येतात.

पाळी बाराव्या वर्षी सुरू झाली आणि पहिल्यापासून अनियमित होती. सध्या ती पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी येत होती. वडिलांना मधुमेह आहे. मुरूम सुरू होण्याच्या सुमारास, वजन वाढते आहे म्हणून, त्यांनी घराजवळच्या व्यायामशाळेत जायला सुरुवात केली होती आणि तिथल्या सल्ल्यावरून दुधापासून बनणारी व्हे प्रोटीनची पावडर रोज घेत होत्या. व्हे प्रोटीनने मुरूम वाढल्याच्या नोंदी पुष्कळ आहेत, त्यामुळे ही गोष्ट विचारायची राहून जाता कामा नये. बी-१२ ची इंजेक्शने आणि फिटची किंवा मानसिक आजाराची औषधे यांनीही मुरमांसारखे पुरळ येते. ती त्यांनी घेतलेली नव्हती. यापूर्वी दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून अॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या झाल्या होत्या. प्रत्येक वेळी महिनाभर बरे वाटले आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

घरच्यांची आणि लेडीज डब्यातल्या सहप्रवाशांची मतेही त्यांनी मोकळेपणाने सांगितली. अंगात उष्णता आहे, पोट साफ होत नाही, रक्त शुद्ध नाही, असे सर्वसाधारण निदान होते. लग्न झाले की मुरूम जातात असे माहेरी सांगितले गेले होते आणि मूल झाले की जातात असे आता सासरी सांगितले जात होते. सासूबाईंनी आपुलकीने करून दिलेला काढा त्या नेमाने घेत होत्या. मी तो बंद करायला सांगितला, कारण त्यात काय आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते. हळदीकुंकवाला जायचे त्यांनी टाळायला सुरुवात केली होती आणि ऑफिसच्या ऑनलाइन बैठकीत कॅमेरा बंद ठेवत होत्या. बोलतानाही डाव्या हाताचा पंजा हनुवटीवरून हलत नव्हता. या गोष्टी मी नोंदवहीत लिहिते, कारण पुढे सुधारणा मोजताना नुसते मुरूम मोजून भागत नाही.

तपासणी आणि निदान

मेकअप पूर्ण उतरवून, खिडकीच्या उजेडात आणि नंतर बाजूने दिवा धरून चेहरा पाहिला. हनुवटी आणि जबड्यावर लालसर पुळ्या, पाच खोल गाठी, थोडे बंद तोंडाचे बारीक दाणे आणि बरेच तपकिरी डाग होते. डाव्या गालाच्या खालच्या भागात उथळ खड्डे पडू लागले होते. दोन्ही गालांवर पसरट लाली आणि भिंगातून दिसणारे रक्तवाहिन्यांचे जाळे होते. ते स्टिरॉइडचे काम होते. रोझेशिया या विकाराशी त्याचे बरेच साम्य असते, पण त्यात बंद तोंडाचे दाणे नसतात, आणि क्रीमचा इतिहास इथे पुरेसा बोलका होता. पावसाळ्यात मुंबईत बुरशीमुळे रोमकूपांना सूज येण्याचे रुग्ण पुष्कळ दिसतात. त्यातले पुरळ एकसारख्या आकाराचे असते आणि त्याला खाज सुटते. इथे तसे काही नव्हते.

यापुढची तपासणी चेहऱ्याबाहेरची होती. चेहऱ्यावर जाड केस दिसत नव्हते, कारण दर तीन आठवड्यांनी वरच्या ओठाचे आणि हनुवटीचे थ्रेडिंग होत होते. जे पार्लरमध्ये निघून जाते ते दवाखान्यात दिसत नाही, म्हणून ते विचारावेच लागते, आणि अनेक स्त्रिया ते विचारल्याखेरीज सांगत नाहीत. पोटावर नाभीखाली आणि मांड्यांवरही जाड केस होते. मानेच्या मागे मखमलीसारखा जाडसर काळेपणा होता. तो मळ समजून त्या रोज आंघोळीच्या वेळी वज्रीने घासत होत्या. हे इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याचे लक्षण असते आणि घासल्याने ते आणखी काळे पडते. उंची १५७ सेंटीमीटर, वजन ६८ किलो, रक्तदाब ११०/७० होता. आवाजात बदल, काही महिन्यांत झपाट्याने वाढलेले केस किंवा टक्कल अशी लक्षणे नव्हती. ती असती तर अंडाशयाच्या किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीचा शोध तातडीने घ्यावा लागला असता.

त्यांच्याजवळ वर्षभरापूर्वीचा सोनोग्राफीचा अहवाल होता आणि त्यावर 'पीसीओडी' असा शेरा होता, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडवणारा अंडाशयांचा विकार; वैद्यकात त्याला पीसीओएस म्हणतात. या शेऱ्यावर आमच्याकडे गरजेपेक्षा जास्त भर दिला जातो. २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांच्या वाढीची लक्षणे किंवा तशी रक्तचाचणी, आणि सोनोग्राफीत दिसणारी अंडाशये, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात. पहिल्या दोन असतील तर सोनोग्राफीची गरजही उरत नाही, आणि नुसत्या सोनोग्राफीवरून निदान होत नाही. या बाईंच्या बाबतीत पहिल्या दोन होत्याच.

तरीही रक्ताच्या चाचण्या केल्या, कारण इतर कारणे वगळायची होती आणि साखरेचे चित्र हवे होते. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत, सकाळी, उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितले. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्या बंद होऊन तीन महिने गेलेले असावे लागतात, तशी अडचण इथे नव्हती. एकूण टेस्टोस्टेरॉन किंचित वाढलेले होते आणि त्याला रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन, एसएचबीजी, कमी होते. इतर कारणे वगळण्यासाठी पाहिलेली प्रोलॅक्टिन, थायरॉइड, डीएचईए-सल्फेट आणि १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके ठीक होती. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर १५२ आली, म्हणजे मधुमेह नव्हता, पण त्याच्या उंबरठ्याअलीकडची पायरी होती.

या आकड्यांचा एकमेकांशी संबंध मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावला. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त स्रवते. जास्तीच्या इन्सुलिनने अंडाशय अधिक पुरुषी संप्रेरक बनवते आणि यकृत एसएचबीजी कमी बनवते, त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. त्वचेत त्याचे अधिक प्रखर रूप तयार होते, तैलग्रंथी फुगतात, तेल वाढते, रोमकूपाचे तोंड चिकट पेशींनी बुजते आणि आतल्या जिवाणूंभोवती सूज येते. पुष्कळ प्रौढ स्त्रियांत रक्तातील संप्रेरके अगदी सामान्य असतात आणि त्वचेतील ग्रंथीच त्यांना जास्त दाद देतात. त्यामुळे अहवाल सामान्य आला तर संप्रेरकांवरचे उपचार चालणार नाहीत, असा अर्थ काढू नये.

निदान असे लिहिले : प्रौढ वयातील मध्यम ते तीव्र मुरूम, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा, पीसीओएस, साखरेची बिघडलेली सहनशीलता.

आधी थांबवणे

पहिल्या सहा आठवड्यांत मुरमांवर लावायचे एकही औषध दिले नाही. हे रुग्णाला पटवणे औषध लिहून देण्यापेक्षा कठीण असते. पातळ झालेल्या, जळजळणाऱ्या त्वचेवर रेटिनॉइड (ट्रेटिनॉइनच्या गटातले औषध) किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड हे जिवाणू मारणारे औषध लावले असते, तर आठवड्याभरात ते सहन न होऊन बंद पडले असते आणि 'मला हे चालत नाही' हा समज कायमचा बसला असता. म्हणून स्टिरॉइडचे क्रीम, दोन्ही सीरम, मुलतानी माती, पार्लरमधले फेशियल आणि ब्लीच हे सगळे बंद केले. सौम्य, बिनसुगंधी क्लिन्झर दिवसातून दोनदा, साधे मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन एवढेच ठेवले. रात्री टॅक्रोलिमसचे मलम दिले. ते सूज उतरवते, पण स्टिरॉइडप्रमाणे त्वचा पातळ करत नाही. लघवीची गर्भचाचणी करून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक १०० मिलिग्रॅम रोज एक सुरू केले. हे औषध गरोदरपणात चालत नाही, आणि ते भरपूर पाण्याबरोबर घेऊन नंतर अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते.

क्रीम थांबवल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल, हे मी त्यांना आणि त्यांच्या पतीलाही समोर बसवून सांगितले, कारण नेमक्या त्या दिवसांत घरातून 'हे कसले औषध' असा प्रश्न येतो. तसेच झाले. पाचव्या दिवशी गाल लालबुंद झाल्याचे फोटो त्यांनी पाठवले. थंड पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडाच्या घड्या ठेवायला सांगितल्या, औषध बदलले नाही. तिसऱ्या आठवड्यापासून आग कमी झाली. खोबरेल तेल रात्री लावून तसेच झोपण्याऐवजी नहाण्याच्या तासभर आधी लावावे आणि कपाळावर उतरू देऊ नये, घामेजलेला चेहरा डब्यात ओढणीने घासून न पुसता टिपून घ्यावा, ऑफिसच्या चहाबरोबरची बिस्किटे सुटावीत, व्हे पावडरऐवजी डाळ, चणे, अंडी वाढवावीत, हेही या काळात सांगितले. गोड आणि मैद्याचे खाणे कमी केल्याने मुरमांना थोडा उतार पडतो, पण त्यांच्या बाबतीत या सल्ल्याचे मोठे कारण साखर हे होते. मेटफॉर्मिन, म्हणजे शरीराला इन्सुलिनला दाद द्यायला लावणारे औषध, सुरू करण्याचा निर्णय त्यांच्या फिजिशियनने घेतला.

सहाव्या आठवड्यानंतर अॅडापलिन हे रेटिनॉइड ०.१ टक्का एक रात्र आड, संपूर्ण हनुवटी आणि जबड्याला मिळून वाटाण्याएवढे, आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के सुरू केले. त्याने उशीच्या अभ्र्यावर आणि टॉवेलवर पांढरे डाग पडतात, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. दोन महिन्यांच्या आत डॉक्सिसायक्लिन बंद केले. प्रतिजैविक तीन महिन्यांपलीकडे नेऊ नये आणि लावायचे क्लिंडामायसिनही बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीशिवाय देऊ नये, नाहीतर जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात.

संप्रेरकांवरचा उपचार कोणता

आता खरा निर्णय आला. पीसीओएस असलेल्या स्त्रीच्या मुरमांवर पहिला विचार सहसा इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांचा होतो, कारण त्या पाळी नियमित करतात, एसएचबीजी वाढवतात आणि गर्भधारणा टाळतात. मी त्या जवळजवळ लिहून देण्याच्या बेतात होते. त्याआधीच्या ठरावीक प्रश्नांत डोकेदुखीचा प्रश्न आला आणि त्यांनी सांगितले की महिन्यातून एखाद्या वेळी अर्धे डोके दुखते, पण त्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात आणि संगणकावरचे आकडे अर्धे पुसल्यासारखे होतात. ही पूर्वसूचनेसह येणारी अर्धशिशी होय. अशा स्त्रियांत इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत त्या चौथ्या, म्हणजे वापरू नये अशाच गटात मोडतात. गोळ्यांचा मार्ग तिथेच बंद झाला. औषधाच्या दुकानातून 'पिंपल्ससाठी हार्मोनच्या गोळ्या' परस्पर घेणाऱ्यांना हा प्रश्न कोण विचारत असेल, हे मला नेहमी सतावते.

दुसरा पर्याय आयसोट्रेटिनॉइनचा, म्हणजे पोटात घ्यायच्या रेटिनॉइडचा होता. खड्डे पडू लागले असताना माझ्या काही सहकाऱ्यांनी तोच निवडला असता आणि ते चूक ठरले नसते. गर्भावर त्याचे अत्यंत गंभीर दुष्परिणाम होतात, त्यामुळे औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते. मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते असे की स्टिरॉइडने आधीच कोरडी, नाजूक झालेली त्वचा त्याने अधिक कोरडी पडली असती, आणि संप्रेरकांचे मूळ कारण तसेच राहून मुरूम परतण्याची शक्यता मोठी होती. ते राखीव ठेवले.

उरले स्पायरोनोलॅक्टोन. हे मूळचे लघवी वाढवणारे, रक्तदाबावरचे औषध आहे. पुरुषी संप्रेरकांना ते त्वचेतील ग्राहकांवर (संप्रेरके जिथे चिकटून काम करतात त्या जागांवर) बसू देत नाही, म्हणून मुरमांवर वापरले जाते, जरी त्याच्या अधिकृत उपयोगांत मुरमांचा समावेश नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४१० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५० मिलिग्रॅमने सुरुवात करून सहा आठवड्यांनी १०० मिलिग्रॅमवर नेले होते. बारा आठवड्यांना फरक थोडा होता, चोवीस आठवड्यांना तो स्पष्ट झाला. हा आकडा मी रुग्णाला आवर्जून सांगते, कारण दुसऱ्या महिन्यात धीर सुटतो.

या औषधानेही पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांची वाढ बिघडू शकते. त्यामुळे मूल केव्हा हवे, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता. तो मी त्यांना एकट्यांना विचारला आणि नंतर दोघांना. पतिपत्नींच्या मते दीड वर्ष थांबायला हरकत नव्हती. सासूबाई पुढच्या भेटीला सोबत आल्या होत्या आणि त्यांचे म्हणणे वेगळे होते. "आधी मूल होऊ दे, मग आपोआप सगळं जातं, डॉक्टर," असे त्या म्हणाल्या. गरोदरपणात मुरूम कधी कमी होतात, कधी वाढतात, आणि साखर आटोक्यात आणून मग दिवस राहिले तर ते आई आणि बाळ दोघांच्या भल्याचे आहे, एवढे मी त्यांना सांगितले. साखरेचा मुद्दा त्यांना लगेच पटला, कारण यजमानांच्या आजारपणात त्यांनी मधुमेह जवळून पाहिला होता.

गर्भनिरोधनासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून कॉपर-टी निवडली. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणाऱ्या, गर्भाशयात बसवायच्या साधनाने काही स्त्रियांत मुरूम वाढतात, म्हणून तांब्याचे साधन बरे. एरवी पाळी तीन महिन्यांहून अधिक लांबत असती तर गर्भाशयाच्या अस्तराच्या रक्षणासाठी प्रोजेस्टेरॉन द्यावे लागले असते. इथे तशी गरज नव्हती.

गोळी सुरू झाल्यावर

ऑगस्टच्या सुरुवातीला ५० मिलिग्रॅम सुरू केले. पहिल्याच आठवड्यात त्यांचा काळजीने फोन आला. दुकानदाराने "ताई, ही बीपीची गोळी आहे, तुम्हाला कशाला?" असे विचारले होते. हे मी आधीच चिठ्ठीवर मराठीत लिहून द्यायला हवे, असे ठरवून आता तसे करते. दुसरी अडचण मुंबईची होती. सकाळी सातला गोळी घेऊन त्या डोंबिवलीला गाडीत शिरत आणि घाटकोपर येईतो लघवीची निकड अनावर होई. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहांच्या भरवशावर न राहता दिवसभर पाणीच न पिण्याची सवय लोकलने जाणाऱ्या बायकांत सर्रास आहे, आणि या औषधावर पाणी तोडणे म्हणजे चक्करेला आमंत्रण. गोळी दुपारी डबा खाताना घ्यायची, असे ठरवले. अन्नाबरोबर ती अधिक चांगली शोषली जाते, आणि ऑफिसात स्वच्छतागृह जवळ असते. संध्याकाळच्या गाडीपर्यंत जोर ओसरत असे. निरोगी तरुण स्त्रीत पोटॅशियम वारंवार तपासण्याची गरज पडत नाही. मी ते सुरुवातीला एकदा आणि मात्रा वाढवल्यावर एकदा पाहिले. पोटॅशियमयुक्त 'लो सोडियम' मीठ मात्र घरातून काढायला सांगितले.

गणपतीच्या चार दिवस आधी हनुवटीवर दोन मोठ्या गाठी आल्या आणि त्या रजा टाकून आल्या. मूळ गावी, सगळ्या नातेवाइकांत, आरतीला उभे राहायचे होते. गाठीत ट्रायमसिनोलोन २.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर इतके सौम्य करून अगदी थोडे टोचले, तर सूज दोन-तीन दिवसांत बसते. तयारी करत असताना त्यांनी बाटलीकडे पाहून विचारले, "मॅडम, हेही स्टिरॉइडच ना? मग ट्यूब का बंद केली?" प्रश्न रास्त होता. एका गाठीच्या पोटात एकदाच दिलेला थेंब आणि सगळ्या चेहऱ्यावर महिनोन्महिने रोज चोळलेला थर यांत फरक आहे, आणि या थेंबानेही प्रमाण चुकले तर तिथे खळगा पडतो, तो भरायला काही महिने लागतात, असे सांगून मग सुई लावली. दोन्ही गाठी बसल्या.

सहा आठवड्यांनी मात्रा १०० मिलिग्रॅम केली. स्तन थोडे दुखत होते, ते महिन्याभरात थांबले. बाराव्या आठवड्यात गाठी येण्याचे थांबले होते, पण लहान पुळ्या येतच होत्या आणि त्यांच्या मते 'काही खास फरक नव्हता'. जूनमध्ये काढलेला फोटो शेजारी ठेवल्यावर त्यांना फरक दिसला. जानेवारी अखेरीस, चोवीस आठवड्यांना, पाळीआधी दोन-तीन बारीक पुळ्या एवढेच उरले होते. वजन चार किलोंनी उतरले होते आणि पाळी पस्तीस ते अडतीस दिवसांवर आली होती. पाळीतील सुधारणेचे श्रेय मी वजनाला आणि मेटफॉर्मिनला देते, स्पायरोनोलॅक्टोनला नाही.

डागांना वेळ लागला. आपल्या वर्णाच्या त्वचेत सूज ओसरल्यावर राहणारे रंगद्रव्य महिनोन्महिने टिकते आणि रुग्ण त्यालाच मुरूम समजत राहतो. संध्याकाळी डाग फिके करणारे अॅझेलाइक अॅसिड २० टक्के जोडले आणि सनस्क्रीन बदलून लोहाची ऑक्साइडे असलेले, रंगीत घेतले, कारण अशा डागांना अतिनील किरणांइतकाच डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वाढवतो. पील करण्याचा, म्हणजे रसायन लावून त्वचेचा वरचा थर काढण्याचा, त्यांचा आग्रह होता. स्टिरॉइडमधून नुकत्याच सावरलेल्या त्वचेवर तो मी मानला नाही.

पुढच्या वर्षाच्या अखेरीस दोघांनी मुलाचा निर्णय घेतला. स्पायरोनोलॅक्टोन आणि अॅडापलिन आधी बंद केले, महिना गेल्यावर कॉपर-टी काढली आणि फोलिक अॅसिड सुरू झाले. आता चेहऱ्यावर गरोदरपणातही चालणारे अॅझेलाइक अॅसिड आणि गरज पडली तर हनुवटीपुरते बेंझॉइल पेरॉक्साइड एवढेच आहे. मेटफॉर्मिन चालू ठेवायचे की नाही, हे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. गोळी बंद झाल्यावर तिसऱ्या महिन्यात जबड्यावर पुन्हा काही पुळ्या दिसू लागल्या आहेत. ते अपेक्षित होते आणि त्यांना आधी सांगितलेले होते, त्यामुळे ट्यूबचा शोध सुरू झालेला नाही. दिवस राहिल्यास पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी व्हावी, असे मी चिठ्ठीत लिहून दिले आहे. डाव्या गालावरच्या खड्ड्यांचे काम बाळंतपणानंतर हाती घ्यायचे आहे.